पैसे घ्या, पण गप्प राहण्याची अट खोडा

(पत्र लांब होतं. ओळख पटेल असे तपशील काढून, आवश्यक तेवढंच देत आहे.)

«नोव्हेंबर २०१९ मध्ये माझ्या मिस्टरांचं पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन नवी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात झालं. वय तेव्हा ४२. दोन दिवसांत घरी जाल, असं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, डोळे पिवळे दिसायला लागले. डॉक्टर म्हणाले, गॅस आहे, जरा चाला-फिरा. सहाव्या दिवशी ताप चढला तेव्हा भांडून डिस्चार्ज घेतला आणि मुंबईतल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात नेलं. तिथे कळलं, पित्ताची नळीच कापली गेली आहे. पुढे तिथेच दुसरं मोठं ऑपरेशन झालं, नळी आतड्याला जोडली. जीव वाचला. पण वर्षातून दोन-तीनदा थंडी वाजून ताप येतो, ॲडमिट करावं लागतं. रबाळे एमआयडीसीतली मशीनवरची नोकरी गेली. आता ओळखीच्यांच्या दुकानात हिशेब लिहितात. २८ हजारांचे १५ हजार झाले.

२०२१ मध्ये बेलापूरला कोकण भवनातल्या ग्राहक आयोगात तक्रार केली, ३८ लाख मागितले. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडेही अर्ज दिला. आयोगाने तज्ज्ञांचं मत मागवलं, ते यायलाच दीड वर्ष गेलं, आणि त्यात 'ही या शस्त्रक्रियेतील ज्ञात गुंतागुंत आहे' एवढंच आलं. पण आम्हाला मिळालेल्या केस पेपरमध्ये नर्सच्या चार्टवर, ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी, पोटात ठेवलेल्या ड्रेनमधून (स्राव बाहेर काढायच्या नळीतून) 'हिरवट' स्राव आल्याची नोंद आहे. एकदा नाही, सलग तीन पाळ्यांत. मी बारावी शिकलेली. पण तो कागद मला पाठ आहे.

आता समोरच्या वकिलांनी १४ लाख देऊ केले आहेत. आयोगातली आणि कौन्सिलमधली, दोन्ही तक्रारी मागे घ्यायच्या आणि यापुढे या विषयावर कुठेही बोलायचं-लिहायचं नाही, अशी अट आहे. मोठे दीर म्हणतात, घे आणि मोकळी हो. मुलगी १९ वर्षांची आहे. ती म्हणते, बाबांच्या पोटावरच्या टाक्यांचा भाव ठरवू नकोस. पुतण्या म्हणतो, तेव्हाच दोन काचा फोडल्या असत्या तर महिन्यात पैसे आले असते. पैसे हवेत, खोटं कशाला बोलू. पण केस केली ती दुसऱ्या कुणाच्या घरी असं होऊ नये म्हणून. तडजोड केली तर सगळं तसंच राहील ना? शेवटपर्यंत लढले तर ही व्यवस्था बदलेल का?
— ऐरोलीहून एक वाचक»

ताई,

तडजोड करा. १४ लाखांवर करू नका आणि या अटींवर तर मुळीच करू नका. पण करा. आणि शेवटपर्यंत लढल्याने व्यवस्था बदलेल या आशेवर घरातली आणखी पाच वर्षं लावू नका, कारण ती तशी बदलत नाही. हे ऐकायला कडू आहे, म्हणून नीट सांगते.

आपल्याकडे डॉक्टरांविरुद्धची सगळ्यांत गाजलेली लढाई कुणाल साहा यांची. पत्नी अनुराधा मे १९९८ मध्ये गेल्या. स्टिरॉइडच्या अवाजवी मात्रा दिल्या गेल्या, असं पुढे सिद्ध झालं. सर्वोच्च न्यायालयाचा भरपाईचा अंतिम निकाल आला ऑक्टोबर २०१३ मध्ये: ५ कोटी ९६ लाख आणि वर ६ टक्के व्याज. पंधरा वर्षं. आणि लढणारा माणूस स्वतः डॉक्टर होता, अमेरिकेत राहणारा, केस पेपरमधली प्रत्येक ओळ वाचू शकणारा. त्या निकालाने भरपाईचे आकडे वर गेले, त्याचा दाखला आजही युक्तिवादात दिला जातो. पण म्हणून कुठल्या वॉर्डात स्टिरॉइड देण्याआधी मात्रा दुसऱ्या कुणी तपासायला लागलं का? निकालपत्र वकील वाचतात. रात्रपाळीच्या नर्सच्या टेबलापर्यंत ते जात नाही.

दावे ठोकण्यात अमेरिका आपल्या कितीतरी पुढे. तिथे न्यूयॉर्क राज्यातल्या १९८४ सालच्या तीस हजारांहून अधिक केस पेपरांची हार्वर्डच्या संशोधकांनी छाननी केली होती. निष्काळजीपणामुळे इजा झालेल्यांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी लोकांनी दावा केल्याचं दिसलं. उलट ज्यांनी दावे केले त्यांतल्या बऱ्याच जणांच्या कागदांत निष्काळजीपणा सापडलाच नाही. म्हणजे ज्याला लागलं तो घरी बसला आणि जो कोर्टात गेला त्याचं प्रकरण भलतंच. ज्या देशात डॉक्टर विम्याच्या हप्त्यांनी हैराण आहेत तिथली ही गत. दाव्यांच्या दहशतीने उपचार सुधारतात हे मला तरी कुठे दिसलेलं नाही. दहशतीने 'पेशंट गुंतागुंतीचा आहे, मुंबईला न्या' असं म्हणणारी रुग्णालयं मात्र वाढतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यात राहणाऱ्या कुणालाही हे सांगायला नको.

तुम्ही ज्यासाठी केस केलीत ते काम केसने होणार नाही, एवढंच म्हणते आहे. ते काम करायच्या जागा दुसऱ्या आहेत. त्यांच्याकडे येतेच. आधी तुमचा कागद.

पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये मुख्य पित्तनलिकेला इजा होणं हे हजारात साधारण तीन ते पाच जणांच्या बाबतीत घडतं, चांगल्या हातांकडूनही घडतं. म्हणून 'ज्ञात गुंतागुंत' हे तज्ज्ञांचं मत खोटं नाही. ते अपुरं आहे. नळी कापली गेली हा एक प्रश्न झाला. कापली गेल्यावर चार दिवस कुणाच्या लक्षात का आलं नाही, हा दुसरा. ऑपरेशननंतर ड्रेनमधून हिरवट पाणी येणं म्हणजे पित्त बाहेर पडतंय, याला सर्जनची पदवी लागत नाही. नर्सने ते पाहिलं आणि लिहिलंही. एका पाळीने लिहिलं, दुसरीने लिहिलं, तिसरीने लिहिलं. आणि त्यानंतरही डॉक्टर 'गॅस आहे' म्हणत होते. तुमच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम पुरावा सामनेवाल्यांच्याच माणसांनी त्यांच्याच पेनाने लिहून ठेवला आहे.

तज्ज्ञांना बहुधा पहिलाच प्रश्न विचारला गेला असावा: शस्त्रक्रियेत निष्काळजीपणा झाला का? त्यांनी तेवढ्याचंच उत्तर दिलं. तुमच्या वकिलांना सांगा, आयोगाची परवानगी घेऊन त्या तज्ज्ञांना लेखी प्रश्नावली द्या. चार प्रश्न पुरेत. चार्टवरच्या या नोंदी तुमच्यासमोर ठेवल्या होत्या का? अशी नोंद दिसल्यावर त्याच दिवशी कोणत्या तपासण्या अपेक्षित असतात? त्या झाल्याचं कागदांवर दिसतं का? उशीर झाल्याने पुढचा त्रास वाढू शकतो का? उलटतपास असा लेखी घेण्याची पद्धत ग्राहक आयोगात रुळलेली आहे. शिवाय २०१० मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंच आहे की प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञांचं मत लागतंच असं नाही. चूक कागदावरून उघड दिसत असेल तर आयोग स्वतः ठरवू शकतो.

प्रश्नावली दाखल झाली की १४ लाखांचा आकडा हलेल, असा माझा अंदाज आहे. डॉक्टरांच्या विमा कंपनीचा पहिला आकडा सहसा शेवटचा नसतो. चार वर्षं ढिम्म बसलेली मंडळी आता आपणहून बोलणी करायला आली, तीही तुमची दमछाक ओळखून.

किती मागायचे? मोटार अपघाताच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालापासून (२००९) वयाप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाच्या बुडालेल्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, ठरलेला आहे, ४१ ते ४५ वयाला १४. वैद्यकीय प्रकरणांत हा हिशेब जसाच्या तसा लावायचा नाही असं साहा प्रकरणातच न्यायालयाने सांगितलं आहे, पण बोलणी करताना टेकू म्हणून चालतो. तुमच्या घरात महिन्याला १३ हजार कमी येतात. वर्षाचे १ लाख ५६ हजार. गुणिले १४, म्हणजे २१ लाख ८४ हजार. त्यात आतापर्यंतच्या उपचारांची बिलं. शारीरिक त्रासाचे वेगळे. हे सगळं पदरात पडेलच असं नाही, केस हरण्याचीही शक्यता आहे, म्हणून यातून काही सोडायला तयार राहा. पण १४ लाखांत तर निव्वळ बुडालेला पगारही भरून निघत नाही.

आणि एक गोष्ट या हिशेबात हमखास विसरली जाते. आतड्याला जोडलेल्या नळीचा सांधा काही वर्षांनी पुन्हा आकसू शकतो. तुमच्या मिस्टरांना थंडी-ताप येतो तो बहुधा तिथल्याच संसर्गाचा. मग फुगा घालून सांधा रुंद करणं, नाही जमलं तर पुन्हा ऑपरेशन. 'पूर्ण व अंतिम' असं लिहून सही केलीत की त्या खर्चासाठी हे दार पुन्हा उघडणार नाही. म्हणून बोलणीआधी सध्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून पुढच्या दहा वर्षांत काय काय लागू शकतं आणि त्याला अंदाजे किती येईल, हे त्यांच्या लेटरहेडवर लिहून घ्या. सरकारी रुग्णालयातले डॉक्टरही असं पत्र देतात, फक्त ओपीडीच्या गर्दीत मागू नका.

आता अटी. आयोगातली तक्रार मागे घ्यायला हरकत नाही, तडजोड म्हणजे तेच. पण बाहेर स्टॅम्प पेपरवर करार करून, चेक घेऊन, मग 'तक्रार मागे घेत आहे' असा अर्ज देऊ नका. तडजोडीची पुरशिस, म्हणजे लेखी निवेदन, दोघांच्या सह्यांनी आयोगात दाखल करा आणि त्यावर आयोगाचा आदेश घ्या. चेक वटला नाही किंवा अर्धेच पैसे आले तर आदेशाची अंमलबजावणी मागता येते आणि २०१९ च्या कायद्यात आदेश न पाळणाऱ्याला तुरुंगवासापर्यंतची शिक्षा आहे. नुसता करार हातात असेल तर पुन्हा नवा दावा, पुन्हा त्याच तारखा.

मेडिकल कौन्सिलची अट खोडा. कौन्सिल तुम्हाला एक रुपया देत नाही. ती डॉक्टरांच्या नोंदणीचं बघते. ताकीद द्यायची की काही काळ नाव काढायचं, हे तिचं काम. ती तुमची विकायची वस्तू नाहीच. समोरचे अडून बसले तर एवढंच लिहून द्या की तुम्ही स्वतःहून आणखी पाठपुरावा करणार नाही. अर्ज मात्र तिथेच राहू दे.

'कुठेही बोलायचं नाही' हीही खोडा. तिच्या जागी एवढं चालेल: तडजोडीची रक्कम उघड करणार नाही, आणि डॉक्टरांचं व रुग्णालयाचं नाव घेऊन सोशल मीडियावर लिहिणार नाही. पुढच्या डॉक्टरांना आजाराचा इतिहास सांगणं, सरकारी यंत्रणेला माहिती देणं आणि नाव न घेता आपला अनुभव सांगणं, या तीन गोष्टींची मोकळीक स्पष्ट शब्दांत लिहून घ्या. मोघम ठेवलंत तर उद्या मुलीने कॉलेजच्या निबंधात लिहिलं तरी नोटीस येईल.

मग तुमच्याकडून दोन मागण्या घाला. एक, काय घडलं याचं रुग्णालयाकडून लेखी निवेदन: ड्रेनची नोंद कुणाला कळवली गेली, कुणाला नाही, आणि का. दोन, आता तिथे काय बदललं. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ड्रेनमध्ये हिरवट स्राव दिसला तर नर्सने सर्जनला तासाभरात फोन करायचा आणि फोन केल्याची वेळ चार्टवर लिहायची, असा नियम रुग्णालयाने काढावा आणि त्याची प्रत तुम्हाला द्यावी. एवढंसं काम आहे. खर्च शून्य. दुसऱ्या कुणाच्या घरी असं होऊ नये, ही तुमची इच्छा जर कुठे कागदावर उतरायची असेल तर ती या एका पानावर. सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलात तरी याहून नेमकं काही मिळणार नाही. न्यायालय पैसे देईल, नर्सचा चार्ट बदलून देणार नाही.

करारात 'कोणतीही जबाबदारी मान्य न करता' असं वाक्य येईलच. ते राहू द्या, त्यावर बोलणी मोडू नका. तुम्हाला राग येईल ते कळतं. पण डॉक्टरांच्या व्यावसायिक विम्याच्या पॉलिसीत साधारणपणे कलमच असतं की कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही. कबूल केलं तर कंपनी हात वर करू शकते. तिसऱ्या दिवशीचं 'गॅस आहे' हे अज्ञान असेल किंवा आशा असेल, मी सांगू शकत नाही. पण डिस्चार्जनंतरचा इतक्या वर्षांचा अबोला हा पुष्कळसा या कलमाचा आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने १९८६ मध्येच कायदा केला की डॉक्टरने व्यक्त केलेली दिलगिरी त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही. नंतर बहुतेक राज्यांनी तसं केलं. इंग्लंडमध्ये २०१४ पासून रुग्णालयांवर बंधनच आहे: उपचारात गंभीर इजा झाली तर रुग्णाला सांगायचं आणि माफी मागायची. आपल्याकडे यातलं काहीही नाही. 'सॉरी' म्हणणं म्हणजे फिर्यादीच्या हातात पुरावा देणं, अशीच समजूत आहे आणि वकील मंडळी ती पक्की करतात. मीही वकीलच आहे. अशिलाला मी वेगळं सांगितलं असतं का, हा प्रश्न इथे टाळते.

व्यवस्था बदलायची असेल तर कुठून, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

पहिली गोष्ट अगदी लहान आहे आणि तुमच्याच प्रकरणात आडवी आलेली आहे. २०१९ च्या ग्राहक कायद्यात मध्यस्थीची सोय आली, मध्यस्थी कक्ष आले. पण २०२० च्या मध्यस्थी नियमांत एक यादी आहे, कोणती प्रकरणं मध्यस्थीकडे पाठवायची नाहीत याची. त्यात वैद्यकीय निष्काळजीपणामुळे गंभीर इजा किंवा मृत्यू झालेली प्रकरणं येतात. हेतू चांगला असेल: गरिबाला दाबून मिटवू नये. पण परिणाम काय झाला? फ्रिज नीट चालत नाही म्हणून तक्रार असेल तर दोघांना एका टेबलाशी बसवतात, मधे तटस्थ माणूस असतो. आणि माणूस आयुष्यभराचा अधू झाला असेल तर टेबलच नाही. मग होतं ते तुमच्यासारखं. वकिलाचा फोन, एक आकडा, तीन अटी, आणि मधे कुणी नाही. दाबून मिटवण्याची भीती होती ना, तिला याहून मोकळं रान कुठलं? हा नियम उलटा करायला हवा. गंभीर प्रकरणांत मध्यस्थी असावी, मध्यस्थासोबत एक स्वतंत्र डॉक्टर असावा, आणि गप्प राहण्याच्या अटीला बंदी असावी.

दुसरी, मुदत. कायद्यात लिहिलंय की नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत तक्रार निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. तुम्ही २०२१ पासून ऐरोलीहून पनवेल लोकल पकडून बेलापूरला उतरताय. आयोगांवर अध्यक्ष-सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात आणि तज्ज्ञांचं मत देणं हे सरकारी रुग्णालयातल्या आधीच थकलेल्या डॉक्टरांच्या डोक्यावरचं बिनमोबदल्याचं ओझं होऊन बसतं. प्रत्येक विभागात मोबदला देऊन नेमलेलं तज्ज्ञ मंडळ असावं, मत साठ दिवसांत द्यावं आणि त्याने केस पेपरमधल्या प्रत्येक आक्षेपाला उत्तर द्यावं. एका ओळीत 'ज्ञात गुंतागुंत' लिहून सुटता येऊ नये.

तिसरी गोष्ट मोठी, आणि मला सगळ्यांत पटलेली. भरपाईची आणि दोषाची गाठ सोडवणं. न्यूझीलंडने १९७४ पासून अपघातांच्या भरपाईसाठी सरकारी निधी ठेवला आहे. २००५ पासून उपचारांतून झालेल्या इजेलाही डॉक्टरची चूक सिद्ध करायला लागत नाही. इजा उपचारांमुळे झाली एवढं ठरलं की उपचारांचा खर्च आणि बुडालेल्या पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. बदल्यात भरपाईसाठी डॉक्टरवर दावा ठोकता येत नाही. डॉक्टरच्या वागणुकीची चौकशी वेगळी. आपल्याला हे जमणार नाही असं लगेच म्हटलं जातं. पण आपल्याच मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ मध्ये कुणाचा दोष होता हे सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. तुमच्या मिस्टरांना ठाणे-बेलापूर रोडवर टेम्पोने उडवलं असतं तर निदान अडीच लाख चूक कुणाची हे न विचारता मागता आले असते. ऑपरेशन टेबलावर जे झालं त्याला तेवढंही नाही. मोठा निधी उभारणं राहू द्या, खासगी रुग्णालयात भरती होणाऱ्या प्रत्येक रुग्णामागे थोडी रक्कम बाजूला काढून गंभीर इजेला तातडीची ठरावीक मदत द्यायला कुणाची ना आहे? पहिल्या वर्षी हातात पाच लाख असते तर तुम्ही ३८ लाखांची तक्रार याच रागाने केली असती का, हे तुम्हीच सांगा.

आणि चुकांतून शिकणं? तेही आपण करतो, फक्त एका कोपऱ्यात. बाळंतपणात आई दगावली तर त्या मृत्यूचं अन्वेषण होतं. २०१० पासून देशभर त्याची पद्धत ठरलेली आहे, २०१७ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचना आल्या. कुणाला शिक्षा करायची हा त्याचा विषयच नाही. उशीर कुठे झाला? घरात, रस्त्यात की रुग्णालयात पोचल्यावर? हेच विचारतात. अंमलबजावणीत कागदी घोडे पुष्कळ नाचतात, पण प्रश्न योग्य आहे. तुमच्या प्रकरणात हा प्रश्न गेल्या इतक्या वर्षांत एकाही अधिकारी माणसाने विचारलेला नाही. आयोग विचारतो दोषी कोण, कौन्सिल विचारते गैरवर्तन झालं का, विमा कंपनी विचारते किती द्यायचे. नर्सने लिहिलेलं डॉक्टरपर्यंत का पोचलं नाही, हे विचारणं कुणाच्याच कामात बसत नाही.

म्हणून तडजोडीचा आदेश हातात आला की एक पत्र लिहा, नवी मुंबई महानगरपालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांना. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, १९४९ खाली खासगी रुग्णालयांची नोंदणी त्यांच्याकडे असते आणि २०२१ च्या सुधारित नियमांत रुग्णहक्कांची सनद आणि तक्रार निवारणाची सोय आहे. पत्रात भरपाई मागू नका, शिक्षा मागू नका. चार्टची प्रत जोडा आणि एवढंच विचारा: हद्दीतल्या सगळ्या शुश्रूषागृहांना, शस्त्रक्रियेनंतरच्या धोक्याच्या नोंदी डॉक्टरांना कळवण्याबाबत सूचना काढता येईल का? मुख्यालय बेलापुरातच आहे. आवक शिक्का घेतलेली प्रत जपून ठेवा. महिनाभरात काही कळलं नाही तर नगरसेवकाकडून विचारणा करवा. बोलण्याची मोकळीक लिहून घ्या म्हणाले ती याचसाठी.

पुतण्याला सांगा, काचा फोडल्या असत्या तर २०१० च्या राज्याच्या कायद्याखाली अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. पैसे आले नसते, गेले असते. पण त्याच्या बोलण्यात जे आहे ते मी हसण्यावारी नेणार नाही. काच फोडल्यावर निदान कुणीतरी ट्रस्टी खाली येऊन बोलतो, हे लोकांनी पाहिलेलं असतं. तेव्हाच कुणी खाली येऊन बोललं असतं, तर? फौजदारीचं कुणी सुचवलं तर तेही सोडून द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानुसार (२००५) त्यासाठी अत्यंत ढोबळ निष्काळजीपणा लागतो, आणि पोलिसांना आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यावं लागतं. म्हणजे पुन्हा तेच तज्ज्ञ, तीच 'ज्ञात गुंतागुंत'.

राहिली मुलगी. तिला रक्कम सांगून समजावू नका, मसुदा वाचायला द्या. १९ वर्षांची मुलगी इंग्रजी मसुद्यातलं एकेक वाक्य तुमच्यापेक्षा आणि कदाचित तुमच्या वकिलांपेक्षाही बारकाईने वाचेल. गप्प राहण्याचं कलम खोडलं गेलं की नाही आणि रुग्णालयाचं निवेदन व नव्या नियमाची प्रत परिशिष्ट म्हणून जोडली आहे की नाही, हे तपासणं तिच्याकडे सोपवा. सही मिस्टरांची लागणार असेल तर त्यांनाही शांतपणे वाचून दाखवा, ताप नसेल त्या दिवशी. आणि समोरचे वकील 'आजच सही करा, नाहीतर ऑफर गेली' म्हणाले तर पुढची तारीख घ्या. इतक्या तारखा त्यांनी घेतल्या, एक तुम्ही घ्या.